शंट मॉड: 280 वॅटचं ग्राफिक्स कार्ड 391 वॅटवर नेताना काय काय होतं

ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वॅट वीज घेईल ती मर्यादा, हार्डवेअरमधून वाढवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दहा मिनिटांचं काम येतं: वीज मोजणाऱ्या एका रेझिस्टरवर (त्याला शंट म्हणतात) दुसरा रेझिस्टर चिकटवला, झालं. मला त्याला जानेवारीचा दुसरा आठवडा ते एप्रिलअखेर एवढा वेळ लागला. त्यात प्रत्यक्ष सोल्डरिंग दीड तासाचं. बाकीचे दिवस मोजमाप, वाट पाहणं आणि परत मोजमाप यात गेले. सगळं क्रमाने लिहितो आहे. कुणाच्या हातात सोल्डरिंग आयर्न असेल तर त्याने निदान कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं.

कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स 2080 टीआय, पीएसयूकडून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायकडून) वीज घेणाऱ्या दोन 8-पिन कनेक्टरचं. गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतलं, 24,500 रुपयांना. वॉरंटी संपलेली होती, आणि ती संपलेली असणं ही माझी पहिली अट होती. वॉरंटीतल्या कार्डावर हे करू नये. शंटवर पुन्हा लागलेलं सोल्डर आणि फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरवणाऱ्या रसायनाचा) डाग सर्व्हिस सेंटरवाल्याला भिंगाशिवाय दिसतो.

11 जानेवारीला, शनिवारी, आधी चिप पाहिली. 2080 टीआयमध्ये दोन प्रकारच्या चिपा आल्या: टीयू102-300 आणि टीयू102-300ए. ‘ए’वाल्या कार्डांवर दुसऱ्या कंपनीचा जास्त मर्यादेचा बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) टाकता येतो, गॅलॅक्सचा 380 वॅटचा बायोस त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण दोन्ही चिपांचा डिव्हाइस आयडी वेगळा असतो, त्यामुळे ‘ए’ नसलेल्या कार्डाला तो बायोस चालत नाही. बायोस स्वतः बदलून टाकावा म्हटलं तर 2016 च्या पास्कल पिढीपासून बायोसवर एनव्हिडियाची डिजिटल सही असते आणि बदललेली फाइल कार्ड स्वीकारत नाही. माझी चिप ‘ए’ नसलेली निघाली. मूळ मर्यादा 250 वॅट, सॉफ्टवेअरमधला पॉवर स्लायडर जास्तीत जास्त 112 टक्के, म्हणजे 280 वॅट. चिप ‘ए’ असती तर आयर्न तापवलंच नसतं. बायोस बदलण्यात धोका असला तरी तो परत फिरवता येतो. बोर्डावरून उखडलेला तांब्याचा पॅड परत बसत नाही.

आता शंट म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळे धोके तिथूनच निघतात. 12 व्होल्टची लाइन कार्डात शिरते तिथे 5 मिलिओहमचा एक जाड रेझिस्टर असतो, त्यावर ‘आर005’ छापलेलं असतं. 10 अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांत 50 मिलिव्होल्टचा फरक पडतो. मॉनिटर आयसी हा फरक मोजते, कार्ड त्यावरून वॅट काढतं आणि मर्यादा गाठली की क्लॉक (चिपचा वेग) खाली आणतं. रेझिस्टन्स कमी केला की फरक कमी पडतो, आणि कार्डाला वाटतं आपण कमी वीज खातोय. शंट मॉड कार्डाला ताकद देत नाही, त्याचा मीटर मागे फिरवतो. तो मीटर ज्या ज्या गोष्टी सांभाळत होता, त्या सांभाळायचं काम त्या क्षणापासून आपल्याकडे येतं.

किती कमी करायचा, हा पुढचा प्रश्न. 5 वर 5 चा रेझिस्टर चढवला तर 2.5 मिलिओहम होतात आणि खरी वीज दाखवलेल्या आकड्याच्या दुप्पट होते. 5 वर 10 चढवला तर 3.33, म्हणजे दीडपट. 5 वर 15 म्हणजे 3.75, सव्वापटीच्या थोडं वर. बहुतेक जण 5 वर 5 करतात, कारण हिशेब सोपा पडतो. मी त्याआधी एक आठवडा फक्त आकडे लिहून काढले. पूर्ण लोडवर जीपीयू-झेड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे चॅनल असे होते: पहिला 8-पिन 120 वॅट, दुसरा 119, स्लॉट 41. एकूण 280.

यातला स्लॉटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून 12 व्होल्टवर 5.5 अँपिअर, म्हणजे 66 वॅट घ्यायची परवानगी आहे. स्लॉटचं 75 वॅट जे म्हणतात त्यात 3.3 व्होल्टचा वाटाही धरलेला असतो. माझ्या कार्डात स्लॉटचा वाटा एकूण विजेच्या साधारण 15 टक्के राहतो, कारण चिपला वीज देणाऱ्या सर्किटच्या कोणत्या भागाला (फेजला) कुठून वीज जाते ते बोर्डावर कायमचं ठरलेलं आहे. तिन्ही शंटवर 5 चढवले असते तर कार्ड 560 वॅटपर्यंत जाऊ शकलं असतं आणि स्लॉटमधून 82 वॅट, जवळपास 7 अँपिअर ओढले गेले असते. ते मदरबोर्डला वीज देणाऱ्या 24-पिन कनेक्टरच्या दोनच 12 व्होल्ट पिनांतून येतात, आणि त्याच दोन पिनांवर पंखे आणि बाकीचे स्लॉटही असतात. असे पिवळे पडून वितळलेले 24-पिन कनेक्टर दुरुस्तीवाल्यांकडे बघायला मिळतात. 2016 मध्ये एएमडीचं आरएक्स 480 कार्ड बाजारात आलं तेव्हा ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज घेतं म्हणून एवढा गदारोळ झाला की एएमडीला जुलैतच ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावा लागला. तिथे तर फरक थोड्याच वॅटचा होता.

म्हणून ठरवलं की दोन्ही 8-पिनच्या शंटवर 10 मिलिओहम चढवायचे आणि स्लॉटच्या शंटला हात लावायचा नाही. स्लॉटचा मीटर खरा राहिला तर तेवढं तरी राखण शाबूत राहतं.

10 मिलिओहम, 2512 आकाराचे, 3 वॅटचे रेझिस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत तीन दुकानांत विचारले. मिलिओहमचा एकही माल नव्हता. शेवटी ऑनलाइन मागवले, दहा नग, पोस्टेज धरून 690 रुपये. यायला काही दिवस लागले. तेवढ्या दिवसांत गल्लीतून फ्लक्स, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी), 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सोल्डर विक (जादा सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) आणलं, सगळं मिळून 620 रुपये. सोल्डर मुद्दाम शिशाचं घेतलं, 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं). ते 183 अंशांना वितळतं. कार्डावरचं बिनशिशाचं सोल्डर 217 च्या आसपास वितळतं. सगळ्यात मोठा खर्च वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा झाला, 3,800. घेताना डीसी करंट मोजतो का, हे डब्यावर वाचूनच घ्या. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि पीएसयूच्या वायरवर शून्य दाखवतात.

लिक्विड मेटल (चिप आणि कूलरच्या मधे लावायचा द्रव धातू) शंटवर फासायचा सोपा उपाय बरेच जण सुचवतात. तो करू नका. त्यात गॅलियम असतं, आणि गॅलियम हळूहळू सोल्डरमध्ये शिरून ते मऊ करतं. काही आठवड्यांनी शंट जागेवरून सरकतो किंवा गळून पडतो. उभ्या लावलेल्या कार्डावर तो खाली कुठे पडेल याचा नेम नाही. शिवाय फासलेल्या थराचा रेझिस्टन्स किती आहे ते कळत नाही. फार कमी झाला तर काही कार्डं बिघाड समजून सगळ्यात खालच्या क्लॉकवर अडकून बसतात.

26 जानेवारीला, सुट्टीच्या दिवशी, कूलर काढला. सोल्डरिंगसाठी ओळखीच्या एका काकांच्या दुकानात गेलो होतो. ते इन्व्हर्टर आणि एसीचे बोर्ड दुरुस्त करतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा हात बारीक कामाला चांगला असतो, पण शंटखाली 12 व्होल्टचा तांब्याचा मोठा थर असतो आणि तिथे जाड कामाची सवय लागते. हे कळूनही पहिला शंट मीच केला, बारीक टोकाच्या आयर्नने, 380 अंशांवर. वरून सोल्डर चकचकीत दिसत होतं.

मग मोजलं. साध्या मल्टिमीटरने मिलिओहम मोजता येत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स पाव ओहम असतो. बेंच सप्लायवर 1 व्होल्ट आणि 1 अँपिअरची मर्यादा लावून तो करंट शंटच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडायचा, आणि मल्टिमीटरच्या वेगळ्या दोन टोच्या थेट शंटच्या धातूवर टेकवून मिलिव्होल्ट वाचायचे. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. सोल्डर करण्याआधी 5.0 आलं होतं. आता 3.3 यायला हवं होतं, आलं 4.4. रेझिस्टर बोटाने अगदी हलकं दाबलं की 3.6, सोडलं की 4.4.

काकांनी बघताक्षणी सांगितलं, “खालचं तांबं सगळी उष्णता पितंय रे. आधी बोर्ड खालून तापव, मग टोक लाव.” वरचं सोल्डर वितळलं होतं, पण खालच्या जुन्या सोल्डरशी ते एकजीव झालं नव्हतं. असा कच्चा जोड सगळ्यात वाईट. थंड असताना एक आकडा दाखवतो, गरम झाल्यावर दुसरा, आणि कार्डाचा हिशेब चालू गेममध्ये बदलतो. काकांनी हॉट एअरने बोर्ड खालून 110-120 अंशांपर्यंत तापवला, आजूबाजूच्या कपॅसिटरवर कॅप्टॉन टेप लावली, छिन्नीसारखं चपटं टोक बसवलं आणि प्रत्येक बाजू तीन-चार सेकंदांत पुरी केली. यापेक्षा जास्त वेळ टोक धरलं तर मूळ शंटच पॅडवर तरंगायला लागतो. दोन्ही शंटवर 3.3 आलं. त्यांनी 300 रुपये घेतले.

पॅडच्या आतल्या कडेपासून केसाएवढ्या दोन ट्रेस (तांब्याच्या रेषा) मॉनिटर आयसीकडे जातात. मोजमाप त्यांच्यावरच चालतं. आयर्नने ढकलताना त्यातली एक तुटली तर तो चॅनल शून्य किंवा काहीतरी भलतंच दाखवतो. शून्य दाखवणारा चॅनल म्हणजे त्या कनेक्टरवर मर्यादाच नाही. त्यामुळे पहिल्यांदा चालू केल्यावर दोन्ही 8-पिनचे आकडे सारखे पडतात का, हे सगळ्यात आधी बघायचं.

कूलर लगेच बसवला नाही, आणि ते बरंच झालं. रेझिस्टरवर रेझिस्टर चढल्यावर उंची दुप्पट होते. कूलरची अॅल्युमिनियमची प्लेट तिथून किती अंतरावरून जाते हे डोळ्यांनी कळत नाही. मुलांच्या खेळण्यातली प्लास्टिसीन दोन्ही शंटवर ठेवली, कूलर हलक्या हाताने स्क्रूने बसवला आणि परत काढला. एका ठिकाणी माती कागदाएवढी पातळ होऊन खालच्या रेझिस्टरची चौकट तिच्यात उमटली होती. त्या प्लेटला ग्राउंड आहे. प्लेट रेझिस्टरला टेकली असती तर 12 व्होल्टची लाइन सरळ शॉर्ट झाली असती. तिथली प्लेटची कड कानशीने अर्धा मिलिमीटर घासली, कीस पूर्ण धुऊन काढला आणि वर कॅप्टॉनचे दोन थर लावले. त्याच वेळी मेमरी आणि मॉस्फेटचे (चिपला वीज पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) जुने थर्मल पॅड बदलले, 1,450 रुपये.

माझ्या बोर्डावर प्रत्येक 8-पिनच्या मागे 20 अँपिअरचा फ्यूज आहे. काही कार्डांवर तो 10 चा असतो आणि मॉडनंतर उडतो. उडालेल्या फ्यूजवर वायरचा तुकडा टाकून कार्ड चालू करणारे लोक आहेत. मॉस्फेट शॉर्ट झाला तर बोर्डाला जळण्यापासून वाचवणारं तिथे दुसरं काही नसतं. फ्यूज उडत असेल तर मॉडचा आकडा कमी करायचा.

2 फेब्रुवारीला कार्ड मशीनमध्ये बसवलं. आधी 12 व्होल्ट ते ग्राउंड ओहम मोजून कूलर काढण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. पीएसयूपासून दोन स्वतंत्र केबल लावल्या. एकाच केबलला दोन 8-पिन टोकं असतात, ती सोय इथे वापरायची नाही. दोन कनेक्टरचे 333 वॅट एका केबलमधून गेले तर पीएसयूकडच्या तीन पिनांवर प्रत्येकी 9 अँपिअरच्या वर करंट येतो. स्वतंत्र केबलमध्ये तोच 4.6 राहतो.

पॉवर स्लायडर 60 टक्क्यांवर ठेवून सुरुवात केली, मग 80, 100 आणि 112, प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास. दर टप्प्यावर 8-पिनच्या तीन पिवळ्या वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये घेऊन करंट मोजला. शेवटच्या टप्प्यावर जीपीयू-झेड म्हणत होतं: 111, 111, स्लॉट 58, एकूण 280. क्लॅम्प म्हणत होता 14 अँपिअर, कनेक्टरपाशी 11.88 व्होल्ट. म्हणजे 166 वॅट, आणि 111 ची दीडपट 166.5. हिशेब जुळला तेव्हा कुठे छातीवरचं दडपण उतरलं. खरी वीज 391 वॅट होती, आणि स्लॉटचे 58 खरेच 58 होते, मर्यादेच्या आत.

फायदाही सांगतो. क्लॉक 1,860 मेगाहर्ट्झच्या आसपास असायचा तो 2,000 झाला. त्याच गेमच्या त्याच दृश्यात, 1440पी वर, 71 फ्रेमच्या 75 झाल्या. 40 टक्के वीज जास्त आणि फ्रेम साडेपाच टक्के. कारण सरळ आहे: वीज क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि 1.093 व्होल्टची वरची मर्यादा तशीच राहते. व्होल्टेजची मर्यादा मोडायला कंट्रोलरच्या फीडबॅकवर वेगळी वायर जोडावी लागते. ते मी केलं नाही आणि हवेवर थंड होणाऱ्या कार्डावर कुणी करावं असंही मला वाटत नाही. 1.05 व्होल्टला कोअरला 300 वॅट जातात तेव्हा मॉस्फेटमधून 285 अँपिअर वाहत असतात.

केबलमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. कनेक्टरवरचा करंट 1.4 पट झाला तर पिनेतली उष्णता जवळजवळ दुप्पट होते. म्हणून पहिले दोन आठवडे रोज, नंतर दर रविवारी, अर्ध्या तासाच्या लोडनंतर कनेक्टरला बोट लावून पाहत होतो. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर प्लग काढून पिना बघायच्या.

घरच्या विजेचंही बघावं लागलं. माझा यूपीएस 600 व्हीए, म्हणजे 360 वॅटचा. मॉडनंतर मशीन भिंतीतून 600 वॅटच्या आसपास घ्यायला लागलं. 19 फेब्रुवारीला गेम चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस ओव्हरलोड होऊन त्याच क्षणी बंद पडला. आधी तोच यूपीएस गेम थांबवून फाइल सेव्ह करण्यापुरता टिकत असे, तो आता बॅकअप म्हणून उपयोगाचा राहिला नाही. महिन्याला रोज तीन तास धरून 11 युनिट जास्त लागतात, ते सोसवतं.

एप्रिलमध्ये मात्र कार्डाने उत्तर दिलं. बोर्डाच्या मागे, मॉस्फेटच्या बरोबर पाठीशी, कॅप्टॉनने एक थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) चिकटवून ठेवला होता. फेब्रुवारीत खोली 24 अंश असताना तो 78 दाखवायचा. 12 एप्रिलला खोली 37 ला होती तेव्हा 97. मॉस्फेटला ते चालतं, शेजारच्या कपॅसिटरचं आयुष्य मात्र त्याने झपाट्याने कमी होतं. कोअरही 84 अंशांच्या मर्यादेवर जाऊन क्लॉक स्वतःच खाली आणत होता. दोन हजारचा क्लॉक दुपारी 1,930 वर यायचा आणि वीज तेवढीच जात राहायची.

स्लायडर हळूहळू खाली आणत गेलो आणि 88 टक्क्यांवर थांबलो. कार्ड म्हणतं 220 वॅट. स्लॉटचे 45 खरे, बाकीचे 175 दीडपटीने 262, म्हणजे खरे 307. त्यासोबत व्होल्टेज कर्व्ह (कोणत्या क्लॉकला किती व्होल्टेज द्यायचं ते ठरवणारा आलेख) थोडा खाली ओढून 1,920 चा क्लॉक 0.95 व्होल्टवर बसवला. थर्मोकपल भर दुपारी 83. हा कर्व्ह तर पहिल्याच दिवशी, आयर्न न तापवता, जुन्या 280 वॅटमध्ये बसवता आला असता. ज्यांना फक्त फ्रेम हव्या आहेत त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

एक गोष्ट 12व्हीएचपीडब्ल्यूआर या एकाच छोट्या पॉवर कनेक्टरच्या नव्या कार्डांबद्दल, कारण फेब्रुवारीपासून तिघांनी तेच विचारलं. 600 वॅटला तिथल्या सहा पिनांवर प्रत्येकी 8.3 अँपिअर येतात आणि पिनेची क्षमता 9.5. माझ्या 8-पिनवर मॉडनंतरही प्रत्येक पिनेवर 4.6 आहेत. आरटीएक्स 4090 मध्ये सहाही पिना कार्डात शिरताच एकत्र होतात, त्यामुळे एखादी पिन सैल बसून तिचा भार बाकीच्यांवर गेला तरी कार्डाला ते कळत नाही. मॉड न केलेल्या कार्डांचे कनेक्टरही ऑक्टोबर 2022 पासून वितळताना दिसले आहेत. तिथे मीटर मागे फिरवायला मी कुणाला मदत करणार नाही, आणि तिघांनाही तेच सांगितलं.

कार्डाच्या बॅकप्लेटवर आता पांढऱ्या टेपवर मार्करने लिहून ठेवलं आहे: ‘8-पिन × 1.5, स्लॉट × 1, दोन स्वतंत्र केबल, स्लायडर 88 च्या वर नको.’ हे कार्ड उद्या दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये गेलं तर सॉफ्टवेअर त्याला 220 वॅट दाखवेल, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून तो पीएसयू निवडेल.